पाहुण्यांनी तुमची खास आठवण काढली आहे

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानाला खुर्च्या किती मांडायच्या, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. विद्यापीठाच्या नगरमधल्या तत्त्वज्ञान विभागात सेविका म्हणून लागले त्याला चौदा वर्षं झाली. दर शुक्रवारी चार वाजता आमच्याकडे जाहीर व्याख्यान असतं, वर्षातून तीन-चारदा कार्यशाळा असतात. जाहीर म्हणजे कुणीही यावं. पास नाही, तिकीट नाही, शिक्षणाची अट नाही. अट असती तर मलाच दाराबाहेर उभं राहावं लागलं असतं. माझं शिक्षण म्हणजे सातवी पास आणि आठवीचे चार महिने.

शाळा का सुटली ते थोडक्यात सांगते, कारण लोक विचारतातच. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात. आठवीची शाळा पुढच्या गावी होती आणि घरी धाकट्या भावाजवळ बसायला कुणी नव्हतं. मी रडले वगैरे नाही. वाटलं, पुढच्या वर्षी जाऊ. ते पुढचं वर्ष राहूनच गेलं. मग लग्न झालं, नवऱ्याला नगरच्या एमआयडीसीत काम लागलं, आणि गोंदियाहून कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीत बसून आम्ही नगरला उतरलो. उतरल्यावर पहिली काळजी ही की इथल्या लोकांना माझं बोलणं कळेल का. पहिल्याच शुक्रवारी विभागप्रमुख कुलकर्णी मॅडमनी विचारलं, "वंदनाताई, पाहुणे आले का?" मी म्हटलं, "येऊन राहिले जी." सगळी मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे. येणं चालू आहे, संपलेलं नाही. किती नेमकं सांगितलं त्यांनी." तेव्हापासून त्यांच्यासाठी मी काहीही करायला तयार असते. पुढे जो घोटाळा झाला त्याचं मूळ बहुतेक तिथेच आहे.

तर खुर्च्या. बाहेरच्यांना वाटतं, हॉल आहे, खुर्च्या आहेत, मांडल्या की झालं. तसं नसतं. साठ खुर्च्या मांडल्या आणि वीस माणसं आली तर पाहुण्यांचा चेहरा पडतो. तेच वीस मांडल्या आणि बावीस आली, दोन खुर्च्या पळत आणाव्या लागल्या, तर पाहुणे खूश, मॅडम खूश, ज्यांना बसायला मिळालं ते तर फारच खूश. म्हणून मी कमी मांडते आणि बाकीच्या दारामागे रचून ठेवते. शिवाय आपल्याकडे पहिल्या रांगेत कुणी बसत नाही. पहिली रांग म्हणजे जणू काही तिथे बसणाऱ्याला उभं करून प्रश्न विचारणार आहेत. मी शेवटच्या दोन रांगा मांडतच नाही. उशिरा येणाऱ्याला मग निमूट पुढे जावं लागतं.

दुसरी गोष्ट पंख्याची. आरंभी समई लावायची असते. पंखा चालू असला तर ज्योत टिकत नाही, बंद केला तर मान्यवरांना घाम फुटतो. मी बटणाजवळ उभी राहते. शेवटची वात पेटली आणि फोटो झाला की पंखा चालू. एकदा घाईत आधीच बटण दाबलं. तेव्हा "ज्ञानाचा प्रकाश" हे शब्द पाहुण्यांच्या तोंडात होते आणि पाचही वाती एकदम गेल्या. पाहुणे मोठ्या मनाचे. म्हणाले, "हरकत नाही, आजचा विषय संशयच आहे."

आणि तिसरी गोष्ट, फाटकावरच्या फळ्याची. फळ्यावर विषय मी लिहिते. अक्षर बरं आहे माझं, आठवीत तेवढंच बरं होतं. सुरुवातीला मॅडम जसा विषय देत तसाच मी उतरवत असे. "ज्ञानमीमांसेतील काही समस्या" असं एकदा लिहिलं. फाटकाशी बागवानचाचांची फळांची गाडी असते. त्यांनी पेरू पुसता पुसता वाचलं आणि विचारलं, "बेटी, ये क्या हाय? कुनाच्या समस्या?" मला सांगता येईना. त्या दिवशी नऊ माणसं आली, त्यातली दोन शेजारच्या ऑफिसात दाखल्यासाठी आली होती आणि तिथे रांग होती म्हणून आमच्याकडे बसली. मी भीत भीत मॅडमना चाचांचं बोलणं सांगितलं. मॅडमनी खडू घेतला आणि स्वतः फाटकाशी जाऊन लिहिलं, "आपल्याला कळतं ते खरंच असतं का?" चाचांनी वाचलं. म्हणाले, "अब आया समझ में. माझ्या साडूला हेच इचारायचं होतं." तेव्हापासून आमच्याकडे रीत पडली. विषय आधी चाचांना वाचून दाखवायचा. त्यांनी मान हलवली तर फळ्यावर जायचा, नाही तर मॅडमच्या टेबलावर परत. पीएच.डी. झालेली माणसं चाचांच्या मानेकडे बघत उभी असलेली मी पाहिली आहेत.

कार्यशाळांचं वेगळंच असतं. त्यांना तालुक्यातून शिक्षक येतात, कर्जतहून, जामखेडहून. पहिल्या दिवशी अकरा वाजता पहिला प्रश्न येतो, "मॅडम, सर्टिफिकेट आज मिळणार का उद्या?" मॅडम मला आधीच सांगून ठेवतात, उद्या. दुपारी गटचर्चा असते. पाच-पाच जण मोठ्या कागदाभोवती बसतात, आधी तर सगळे "सर तुम्ही लिहा", "नाही मॅडम, तुम्हीच" असं करतात, आणि तासाभराने त्याच पाच जणांना चहाला उठवणं मला अवघड जातं. मी ते बघत उभी राहिले की माझं मन निवतं. बोलण्यासारखं आपल्यापाशी काही आहे हे माणसाला कळतं ना, तेव्हा तो कसा दिसतो, ते मी दारातून किती तरी वेळा पाहिलंय.

माइकची काळजी मात्र जन्मभर पुरेल. हातातल्या माइकचे सेल मी दर शुक्रवारी नवे घालते आणि तरीही दोन जास्तीचे पदराला बांधून ठेवते. एकदा "मौन" या विषयावर व्याख्यान होतं. पाहुण्या बाई उभ्या राहिल्या, माइक तोंडाशी धरला आणि काही बोलेचनात. मी दारातून बघतेय. ओठ मिटलेले नीट दिसत नव्हते मला, मला वाटलं बोलताहेत पण ऐकू येत नाही. साउंडवाला बंडू तिकडून वायर धरून धावला, मी इकडून सेल घेऊन धावले. बंडूने स्पीकरला थापा मारल्या, मी बाईंच्या हातातला माइक काढून घेतला, सेल बदलले, "हॅलो, हॅलो, चेक" म्हटलं आणि परत त्यांच्या हातात दिला. सगळा हॉल तोंडावर हात धरून बसलेला. बाई म्हणाल्या, "पाच मिनिटं शांत राहायचं ठरवलं होतं मी. अडीच झाली. पण शांततेला माणूस कसा घाबरतो, हे आता मला वेगळं सांगायला नको." बंडू आठवडाभर फाटकाकडून यायचाच नाही, मागच्या दाराने यायचा.

हे सगळं मजेचं. आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. मॅडम म्हणाल्या होत्या, "वंदनाताई, दिवाळी अंकात ती गोष्ट तूच लिही. शुद्धलेखन मी बघते, खरंखोटं तू बघ." म्हणून लिहिते.

आमच्या विभागात एम.ए.ला मुलं कमी. एका वर्षी मुख्य कचेरीचं पत्र आलं की नगरचा विभाग बंद करून मुख्य आवारात मिसळावा का, हे बघायला समिती येणार. मॅडमनी उत्तर पाठवलं की मुलं कमी असली तरी आमच्या जाहीर व्याख्यानांना गावातली माणसं येतात, हे काम दुसरं कुणी करत नाही. उत्तर आलं, ठीक आहे, आम्ही व्याख्यानाच्याच दिवशी येऊ, तुमची माणसं बघू. विभाग गेला तर मॅडम मुख्य आवारात गेल्या असत्या. मी कंत्राटी, मी कुठेच गेले नसते. नवऱ्याची कंपनी वर्षभरापूर्वी बंद पडली होती. परत गोंदियाची गाडी, एवढंच मला दिसत होतं. आणि खरं सांगते, त्याहून जास्त दिसत होता तो मॅडमचा चेहरा, मोकळ्या खुर्च्यांसमोरचा.

कारण मला खरा आकडा माहीत होता. त्या दिवसांत गर्दी ओसरली होती. आठ, नऊ, फार तर दहा. पूर्वी नेमाने येणारे यायचे थांबले होते. मिरजगावचे झरेकर आण्णा, कांद्याचे व्यापारी, शुक्रवारी नगरच्या बाजारात काम आटोपलं की आमच्याकडे येऊन बसत. पाहुणा कुणीही असो, विषय कुठलाही असो, आण्णा शेवटी उभे राहून एकच प्रश्न विचारत, "हे समदं ठीक हाय. पर उद्या सकाळी उठल्यावर मी काय येगळं करायचं?" पाहुणे चाचरत. आण्णा "बरं बरं, ऱ्हाऊ द्या" म्हणून बसत. दुसऱ्या इनामदार बाई, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ऐंशीच्या घरातल्या. त्या वहीत सगळं उतरवून घेत. असे वीस-पंचवीस जण होते, हळूहळू गळालेले. माझ्याकडे त्यांचे नंबर होते, कारण हजेरीच्या कागदावर मीच लिहून घ्यायची.

व्याख्यानाला पुण्याहून लेले सर येणार होते. म्हातारे, बारीक, साधे. विषय मॅडमनी ठरवला, चाचांनी मान हलवली, मी फळ्यावर लिहिला, "भल्यासाठी खोटं बोलावं का?" खडू ठेवला आणि ऑफिसात जाऊन फोन लावायला बसले.

पहिला फोन आण्णांना. मी म्हटलं, "आण्णा, शुक्रवारी या ना, लेले सर येताहेत."

"कोन लेले? न्हाई जमायचं बाई. शुक्रवारी माल उतरायचाय."

आता विचार करते तर कळत नाही की ते वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं. मी म्हटलं, "आण्णा, पाहुण्यांनी तुमची खास आठवण काढली आहे."

पलीकडचा आवाजच बदलला. "माझी? नाव घेऊन?"

"नाव घेऊन. मिरजगावचे आण्णा येतील का, म्हणाले."

"येतो," आण्णा म्हणाले. "येतोच."

औषध लागू पडलं म्हटल्यावर मी सगळ्यांना तेच दिलं. इनामदार बाईंना, स्टेट बँकेसमोरच्या टेलरला, दोघा निवृत्त तलाठ्यांना. फाटकाशी जाऊन चाचांनासुद्धा. ते रोज फळा वाचत पण आत कधी येत नसत, गाडी सोडून कसं येणार? त्यांनी दोनदा विचारलं, "मेरा नाम लिया?" मी दोनदा हो म्हटलं. चाचांसकट सव्वीस जणांना सांगितलं. आणि फळ्यावर मी स्वतः काय लिहून आलेय, ते त्या अख्ख्या दुपारी माझ्या डोक्यात आलं नाही. एवढा मूर्खपणा तत्त्वज्ञान विभागाशिवाय दुसरीकडे कुठे होईल असं मला वाटत नाही.

शुक्रवारी साडेतीनलाच माणसं यायला लागली. माणसं म्हणजे कशी, तर लग्नाला आल्यासारखी. टेलर कोट घालून आलेला. इनामदार बाई जरीकाठाची साडी नेसून, हातात त्यांचा कुठल्याशा मासिकात छापून आलेला जुना लेख. चाचांनी गाडी भाच्याच्या ताब्यात दिली होती, डोळ्यांत सुरमा, हातात डाळिंबांची टोपली. समितीचे तिघे दुसऱ्या रांगेत बसले. मी दारामागच्या खुर्च्या काढल्या, आणखी काढल्या, शेजारच्या वर्गातल्या आणल्या. मॅडम माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारत होत्या, हे काय? मी डोळ्यांनीच सांगितलं, देवाची कृपा.

लेले सर व्यासपीठावर चढतात तोच आण्णा उठले. फेटा बांधून आले होते. हातात शाल आणि नारळ. "थांबा जरा," म्हणाले आणि सरांच्या खांद्यावर शाल घातली. "तुमी आमची आठवन काढली, आमी मोकळ्या हातानं कसं यायचं?"

सर गोंधळले. "आपली ओळख?"

"मी आण्णा. मिरजगावचा. तुमी नाव घेतलं न्हाई का माझं?"

सर काही बोलायच्या आत चाचा टोपली घेऊन पुढे आले, "और मैं बागवान, फाटकवाला," त्यांच्या मागे लेख घेऊन इनामदार बाई, त्यांच्या मागे टेलर. ओळच लागली. मी पाण्याचा ट्रे घेऊन बाजूला उभी.

लेले सर खोटं बोलले असते तर सगळं निभावलं असतं. "हो हो, आण्णा, या या," एवढंच म्हणायचं होतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर खऱ्याखोट्यावर पुस्तकं लिहिली तो कसा म्हणेल? त्यांनी शाल नीट केली आणि अगदी हळू सांगितलं, "तुम्ही सगळे आलात, मला फार आनंद झाला. पण मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही. मी तुम्हाला ओळखत नाही. तुम्हाला असं कुणी सांगितलं?"

सव्वीस माना माझ्याकडे वळल्या. मग मॅडमची. मग समितीच्या तिघांच्या.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "समिती येणार होती. माणसं नसती तर विभाग बंद झाला असता. म्हणून मी सगळ्यांना खोटं सांगितलं जी." घाबरले की माझ्या तोंडून अजून "जी" निघतं.

आण्णांनी नारळ टेबलावर ठेवला आणि दाराकडे निघाले. "माल उतरायचा सोडून आलो," एवढंच म्हणाले. त्यांच्यामागे दोघं-तिघं उठली. मला वाटलं, झालं. आपण सगळं वाचवायला गेलो आणि आपल्याच हाताने बुडवलं.

तेवढ्यात लेले सर म्हणाले, "आण्णा, जायच्या आधी एक मिनिट. मी पन्नास पानं लिहून आणलीत आजच्या विषयावर. ती बाजूला ठेवतो. या बाईंनी केलं ते चूक की बरोबर, आधी ते बघू. अर्थात, त्यांची हरकत नसेल तर." आणि माझ्याकडे वळले. "वंदनाताई, नको म्हटलंत तर आपण माझी पानं वाचू. तुमच्यावर सक्ती नाही."

इतक्या लोकांत मला कुणी कधी परवानगी मागितली नव्हती. मी मान हलवली.

आधी इनामदार बाई बोलल्या. "तिने स्वतःसाठी केलं का हो? विभागासाठी केलं."

"माझ्यासाठीपण," मी म्हटलं. "नोकरी जाईल म्हणून." आता खोटं बोलून उपयोगच नव्हता.

चाचा उठले. "देखो साहेब, मी फळवाला. सफरचंदाला मेण लावून चकाकी आणतात. गिऱ्हाईक चकाकी बघून घेतं. पण कापल्यावर फळ गोड निघालं, तर फसवणूक झाली का? मी इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा आत आलो. मला तर बरं वाटतंय."

आण्णा दारातूनच कडाडले, "गोड हाय म्हनता, मग मेन कशाला लावलं? कापून दाखवायचं की! 'आण्णा, आमचं दुकान बुडतंय, या,' असं बोलायचं. आलो नसतो का मी?"

"आला असतात?" लेले सरांनी विचारलं. "माल उतरायचा सोडून?"

आण्णा दारातून मागे वळले. "न्हाई," म्हणाले. "खरं सांगायचं तर न्हाई आलो असतो." हॉल हसला, पण आण्णा हसले नाहीत. "पर सायेब, मी का चिडलो ते तुमाला कळलं न्हाई. मी धा वर्सं हितं एकच प्रश्न इचारतोय. मला वाटलं, एवढ्या लांबच्या मानसानं माझा प्रश्न ध्यानात ठिवला. चार दिवस मी घरात समद्यांना सांगत हुतो. ते तुमी माझं काढून घेतलं."

मी काय केलं ते मला तेव्हा कळलं. तोवर मी फक्त घाबरले होते. मी म्हटलं, "आण्णा, तुमचा प्रश्न ध्यानात आहे. पाहुण्यांच्या नाही, माझ्या. एकूण एक व्याख्यानातला. कोण काय म्हणालं तेपण."

"तुझ्या ध्यानात ऱ्हाऊन काय उपेग?" आण्णा म्हणाले. "तुझ्याकडं उत्तर हाय का?"

"नाही जी."

"मग!" म्हणाले आणि पुढे येऊन खुर्चीत बसले. पहिल्या रांगेत.

त्यानंतर दीड तास काय चाललं ते मला धड सांगता येणार नाही. टेलर म्हणाला, गिऱ्हाइकाला "साहेब, कोट तुम्हाला शोभतो" म्हणणं खोटं की व्यवहार? एक तलाठी म्हणाले, एकदा खोटं पकडलं की त्या माणसाच्या पुढच्या खऱ्यावरही शंका येते, तो खरा तोटा. लेले सर मध्येच एखादा प्रश्न टाकत आणि मागे सरत. माझ्या नावाने भांडण चाललं होतं आणि मी चहा वाटत होते. "चहा घ्या" म्हटलं की लोक कप घेत आणि माझ्यासमोरच म्हणत, "ह्या बाईचं चुकलंच!"

संपल्यावर समितीच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. उंच, गंभीर गृहस्थ. "बाई, फोन केले नसते तर यातले किती आले असते?"

मॅडम बाजूलाच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, मला सूचना मिळेल असं काहीही त्यांनी केलं नाही.

"नऊ," मी म्हटलं.

त्यांनी वहीत नऊ लिहिलं. म्हणाले, "सहा महिन्यांत मी पुन्हा येईन. न सांगता. तोवर कुणालाही फोन करायचा नाही. कबूल?"

मी कबूल केलं. ते गेल्यावर मॅडमच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी धरलं. "तू मला विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि आज नऊच माणसं असती." मग खुर्च्या उचलायला लागल्या. मला वाटलं रागावतील. त्यांनी एका हातात दोन घेतल्या.

सहा महिने मी फोनला हात लावला नाही. फळा लिहायचा, खुर्च्या मांडायच्या आणि दारात उभं राहायचं. पुढच्या शुक्रवारी आठ जण होते, चार वाजून दहा मिनिटं झाली, तेव्हा आण्णा आले. दारातच मला म्हणाले, "आज मला कुनी बोलावलं न्हाई. मी भांडायला आलोय. चार दिवस इचार केला, तुझं चुकलं ते कसं चुकलं ते आज सांगतो." त्यानंतरच्या शुक्रवारी चाचा आले, आण्णांचं चुकलं कसं ते सांगायला. त्यांच्याशी वाद घालायला टेलर. चहाच्या वेळी तिघं असे बोलत, की सगळी बिल्डिंग ऐके.

इनामदार बाई मात्र परत आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. म्हणाल्या, "रागावले नाही गं वंदना. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही." ते खरं होतं की माझं मन राखायला म्हणाल्या, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. त्यांचा तो लेख त्या दिवशी कुणीच वाचला नाही, त्याची रुखरुख मला अजून आहे. झेरॉक्स काढून मी विभागाच्या कपाटात ठेवलाय.

अध्यक्ष आले ते पाचव्या महिन्यात. विभाग नगरलाच राहील असं पत्र त्यानंतर काही दिवसांनी आलं. पण पत्रापेक्षा मला तो शुक्रवार आठवतो. मी चहाचा ट्रे घेऊन दारात पोचले तर अध्यक्ष आत, आण्णांच्या शेजारच्या खुर्चीत. हॉल भरला होता का, मी मोजलंच नाही, कारण आण्णा उभे होते, चाचा उभे होते, आणि अध्यक्ष मध्येच हात वर करून काही बोलायला बघत होते.

आण्णांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. त्या दिवशी समिती त्यांच्या पाठीमागच्या रांगेत बसली होती, कोण आहेत हे त्यांना कुठून माहीत असणार? "सायेब," ते म्हणाले, "तुमी नवे दिसता. जरा दम धरा. आधी माझं म्हननं पुरं हू द्या, मग तुमचं."

अध्यक्षांनी हात खाली घेतला आणि गप्प बसले.

एरवी मी धावले असते. आण्णांच्या कानाशी लागले असते, अध्यक्षांना पाणी दिलं असतं, माफी मागितली असती. पण आण्णा नेमके मुद्द्यावर आले होते, आणि मला ते ऐकायचं होतं. मी ट्रे दाराशेजारच्या बाकावर ठेवला, एक खुर्ची ओढली आणि बसले. चहा गार झाला.